अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यात शाळा चालवणाऱ्या बाई: 1900 ते 1930

प्रश्न असा आहे: कादंबरी लिहायची आहे, नायिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत एका खेड्यात शिक्षिका आहे. तिचा दिवस कसा जायचा, पगार किती, राहायची कुठं, लग्न केलं तर नोकरी जायची का, आणि इंटरनेटवर फिरणारी ‘शिक्षिकांसाठी नियम’ ही यादी खरी का? मी बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात जुन्या शाळांची दप्तरं लावायचं काम करते. हजेरीपट, ट्रस्टींची (म्हणजे शाळेचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांची) पत्रं, काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शिक्षणप्रमुखाचे, सुपरिंटेंडेंटचे, अहवाल यांत दिवस जातो. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: नायिका गोरी की कृष्णवर्णीय? हे ठरल्याशिवाय तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मराठी वाचकाच्या मनात इथं एक गैरसमज असतो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि त्यामुळे पुढचं सगळं सुरळीत झालं असावं असं आपण धरून चालतो. 1873 ला दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, विधिमंडळात निवडून जात होते, हे खरंच. पण 1877 ला केंद्राने सैन्याचा हात काढून घेतला, आणि पुढे एकेका राज्याने त्यांचा मताधिकार पद्धतशीर काढला: मिसिसिपीने 1890 ला, साउथ कॅरोलायनाने 1895 ला, नॉर्थ कॅरोलायनाने 1900 ला, अलाबामाने 1901 ला. मत गेलं की शाळेच्या पैशावरचा हक्कही गेला, कारण पैसा वाटणारी मंडळी निवडून यायची ती फक्त गोऱ्यांच्या मतांवर. शाळा कायद्याने वेगळ्या होत्याच. 1915 च्या सुमारास साउथ कॅरोलायनात एका गोऱ्या मुलामागे होणारा खर्च कृष्णवर्णीय मुलाच्या सुमारे आठपट होता. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांतल्या दोन बाई म्हणजे जवळजवळ दोन वेगळे पेशे समजा.

दोघींना सारखी लागू होणारी गोष्ट एकच, कापूस. शाळेचं वर्ष पंचांगावर किंवा सरकारी परिपत्रकावर चालत नव्हतं, कापसावर चालत होतं. एप्रिल-मेमध्ये पेरणी, मग विरळणी आणि खुरपणी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पीक आपलंआपण वाढतं, तेव्हा शेतात हात लागत नाहीत. त्या पाच-सहा आठवड्यांत पुष्कळ ठिकाणी शाळेचं उन्हाळी सत्र भरायचं. सप्टेंबरपासून वेचणी, ती संपेपर्यंत मुलं शाळेत येणार नाहीत हे गृहीतच असायचं. खरी शाळा डिसेंबरपासून मार्चपर्यंत. म्हणजे वर्षाला चार-पाच महिने, आणि कृष्णवर्णीयांच्या शाळेत कित्येकदा त्याहूनही कमी. हजेरीचा कायदा करणारं देशातलं शेवटचं राज्य मिसिसिपी, तेही 1918 साली. कायदा झाला तरी वाटेकऱ्याचं पोर वेचणीच्या दिवसांत शाळेत बसवण्याची हिंमत कुणी करत नसे, कारण जमीनमालकाला ते खपत नसे. कादंबरीत ‘जून महिन्यात शाळा सुरू झाली’ असं चुकूनही लिहू नका. आपल्याकडचा पावसाळ्यातला पहिला दिवस तिथं नाही.

नोकरी मिळायची ती काउंटीच्या परीक्षेवर. सुपरिंटेंडेंट गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास, शरीरशास्त्र अशा विषयांचा पेपर घ्यायचा आणि गुणांप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचं सर्टिफिकेट द्यायचा. तिसरी श्रेणी म्हणजे जेमतेम सातवी-आठवी झालेली मुलगी. शाळेची नेमणूक मात्र गावातल्या ट्रस्टींच्या हातात, आणि ते बहुतेक शेतकरी. मला दप्तरांत भेटणाऱ्या बाई सतरा ते एकवीस वयाच्या. वर्गातले थोरले मुलगे, जे फक्त जानेवारी-फेब्रुवारीत यायचे, ते तिच्याएवढेच किंवा तिच्याहून मोठे. नाताळाच्या आधी मुलांनी आतून दार लावून घ्यायचं आणि मास्तर खाऊ कबूल करेपर्यंत उघडायचं नाही, अशी एक जुनी खोडीही काही भागांत टिकून होती. थोरल्या मुलांना काबूत ठेवता येतं की नाही, ट्रस्टींच्या लेखी बाईची खरी परीक्षा ती. व्याकरण त्यांतल्या निम्म्यांना स्वतःलाच येत नसे.

वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकच खोली, मध्ये लोखंडी शेगडी. शेगडीजवळच्या बाकावरची मुलं भाजून निघतात, भिंतीकडची कुडकुडतात, म्हणून बाई मधूनमधून जागा बदलतात. लाकूड पालकांनी आणायचं. नाही आणलं तर थोरले मुलगे मधल्या सुट्टीत रानातून आणतात. फळा म्हणजे काळ्या रंगाने रंगवलेल्या फळ्या. कोपऱ्यात पाण्याची बादली आणि एकच डाव, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. आरोग्य खात्याची माणसं पुढे या सामाईक डावाच्या मागे हात धुऊन लागली. पहिलीपासून सातवीपर्यंतची मुलं एकत्र. पुढे एक रिकामा बाक, त्यावर एकेक इयत्ता बोलावून दहा-दहा मिनिटं पाठ घ्यायचा. बाकीच्यांनी तोवर आपापलं घोकायचं. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेत ज्यांनी काम केलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. जेवणाचा डबा म्हणजे चरबीचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा. त्यात मक्याची भाकर, भाजलेलं रताळं किंवा बिस्किट. हे बिस्किट आपलं चहाबरोबरचं नव्हे, जाडसर मऊ पाव. मुलं त्याच्या कडेला बोट खुपसून भोक पाडत आणि त्यात काकवी ओतत. शनिवार-रविवारी शाळा बंद, पण झाडलोट, शेगडी, खिडकीची फुटलेली काच हे सगळं बाईंच्याच गळ्यात.

आणि मुलं पेंगायची. ती आळशी आहेत असं बाहेरचे लोक म्हणायचे. खरं कारण बऱ्याच अंशी हूकवर्म, म्हणजे अनवाणी पायांतून शिरणारा आणि आतड्यात रक्त पिणारा कृमी. रॉकफेलरच्या पैशावर 1909 ते 1914 या काळात जी मोहीम झाली तिच्या पाहणीत दक्षिणेतल्या शाळकरी वयाच्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के बाधित निघाली. उपचार म्हणजे थायमॉल आणि वर जुलाबाचं मीठ. शौचाचे नमुने डब्यांत भरून मुलांकडून मागवायचं, पालकांची समजूत घालायची, लाजरीबुजरी पोरं तयार करायची, यात गावागावांत बाईंचीच मदत लागायची. जनगणना, पोलिओ, मतदार यादी अशी कामं करून दमलेल्या आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही.

आता राहण्याबद्दल. बाहेरगावची बाई एखाद्या शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहायची, बहुधा ट्रस्टीच्याच. स्वतंत्र खोली म्हणजे नशीब. पुष्कळदा त्या घरच्या मुलींबरोबर एका पलंगावर झोपायचं. ज्यांच्या पोरांना दिवसा शिक्षा केली त्यांच्याच ताटाशी रात्री जेवायचं. ती पत्र कुणाला लिहिते, चर्चमध्ये कुणाशेजारी बसते, रविवारी कुणाच्या बग्गीतून आली, सगळं गावाला ठाऊक. हा एकांताचा अभाव तुमच्या कादंबरीत आला नाही तर ती नायिका खोटी वाटेल.

इथेच त्या नियमांच्या यादीचा विषय घेते. दोन परकर घाला, आइस्क्रीमच्या दुकानात रेंगाळू नका, वगैरे जी यादी 1872 किंवा 1915 सालची म्हणून फिरते, तिचा मूळ कागद माझ्या पाहण्यात कधी आलेला नाही. तीच यादी निरनिराळ्या राज्यांच्या नावावर, निरनिराळ्या सालांसकट संग्रहालयांच्या भिंतींवर लावलेली असते, यावरून काय ते समजा. पण गंमत अशी की खरा करार त्याहून जालीम आहे. दक्षिणेतल्या एका गावात शिक्षिकांकडून सही घेतलेला करार 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला समाजशास्त्राच्या एका अभ्यासात छापला गेला. त्यात बाई लिहून देते की मी चर्चच्या रविवारच्या शाळेत (संडे स्कूलमध्ये) मनापासून काम करीन, वेळ आणि पैसा देईन, नाचणार नाही, त्या रविवारच्या शाळेच्या कामाला चालना देण्यापुरतं सोडलं तर तरुणांबरोबर हिंडणार नाही, प्रेमात पडणार नाही, वाङ्निश्चय करणार नाही, गुपचूप लग्न करणार नाही, रोज निदान आठ तास झोपेन, जपून जेवेन, आणि माझा पगार देणाऱ्या गावकऱ्यांची व शाळा मंडळाची मी सदैव राजीखुशीने सेवक राहीन. प्रेमात न पडण्याची लेखी हमी! सगळीकडे असे कागद होते असं नाही, बहुतेक करार पाच-सहा ओळींचे असतात. पण जे इतर ठिकाणी न लिहिता चालायचं ते या गावाने कागदावर आणलं, एवढंच.

पगार. गोऱ्या ग्रामीण शिक्षिकेला 1910 च्या आसपास महिना साधारण 30 ते 45 डॉलर, तेही शाळा भरेल तेवढेच महिने. त्यातून जेवण-राहण्याचे पैसे जायचे. वर काउंटीच्या तिजोरीत खडखडाट असला की रोकड मिळत नसे, चिठ्ठी मिळायची. जॉर्जियात तर पगार महिनोन्‌महिने थकायचा, आणि बाई ती चिठ्ठी वाण्याकडे कमी भावात मोडायची. त्याच पैशातून उन्हाळ्यात प्रशिक्षणालाही जायचं. नॉक्सव्हिलला टेनेसी विद्यापीठात 1902 पासून दक्षिणेतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरायची, ती 1918 पर्यंत चालली. अनेकींच्या आयुष्यातला मोकळा श्वास तो तेवढाच.

कृष्णवर्णीय शिक्षिकेचं उदाहरण म्हणून सेप्टिमा पॉइन्सेट घ्या, म्हणजे पुढच्या सेप्टिमा क्लार्क. जन्म 1898, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा. शिक्षण पुरं झालं 1916 ला, पण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलांना शिकवायलाही गोऱ्याच शिक्षिका. हिला जागा नाही. म्हणून ती जवळच्या जॉन्स बेटावर गेली. पूल नव्हता, होडीने जायचं. तिथं दोन बाई आणि 132 मुलं. मुख्याध्यापिका म्हणून सेप्टिमाला महिना 35 डॉलर, सोबतच्या बाईंना 25. त्याच रस्त्यावर गोऱ्यांच्या शाळेत एका शिक्षिकेकडे तीन मुलं आणि पगार 85 डॉलर. पुस्तकं पुरेशी नव्हती, तेव्हा तिने मुलांच्याच तोंडच्या, त्यांच्या आसपासच्या गोष्टी कागदी पिशव्यांवर लिहून त्यावरून वाचायला शिकवलं. तीनच वर्षांनी ती चार्ल्सटनमध्ये दारोदार सह्या गोळा करत होती, आणि 1920 ला तिथल्या शाळा कृष्णवर्णीय शिक्षकांना खुल्या झाल्या.

पण मला विचाराल तर या बाईंच्या कामाचा गाभा वर्गात नाहीच. शाळा अस्तित्वात ठेवणं हे त्यांचं मुख्य काम, आणि शिकवणं त्यातून उरलेल्या वेळात. व्हर्जिनियातल्या हेनरिको काउंटीत व्हर्जिनिया रँडॉल्फ या बाई 1892 पासून माउंटन रोड शाळेत शिकवत होत्या. त्यांनी आधी अंगण साफ केलं, भिंतींना चुना दिला, रस्त्यावर खडी टाकून घेतली. वाचन-गणिताबरोबर शिवण, स्वयंपाक, टोपल्या विणणं सुरू केलं. काही पालक चिडले: आमच्या पोरींना हे घरी येतं, तुम्ही पुस्तक शिकवा! त्यांचा राग मला अगदी रास्त वाटतो. ‘हाताचं शिक्षण’ हा प्रकार गोऱ्या अधिकाऱ्यांना का आवडायचा हे त्या पालकांना चांगलं कळत होतं, आधी हाताचं काम शिका म्हणणारे बुकर टी. वॉशिंग्टन आणि उच्च शिक्षण व हक्क मागणारे डू बॉईस या दोन कृष्णवर्णीय नेत्यांमधला गाजलेला वाद शेवटी याच प्रश्नावर होता. रँडॉल्फबाई घरोघरी गेल्या आणि टिकल्या. फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बाईंनी 1907 साली कृष्णवर्णीयांच्या ग्रामीण शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले होते. त्या पैशातून 1908 ला काउंटीभर फिरणारी पहिली ‘जीन्स शिक्षिका’ नेमली गेली ती या रँडॉल्फबाई. मग अनेक काउंट्यांत अशी एक बाई, बग्गीतून वीसेक शाळा हिंडणारी: एकीकडे सुपरिंटेंडेंटला शिवणकामाचे अहवाल पाठवायचे, दुसरीकडे सत्र महिनाभर वाढावं म्हणून पालकांकडून वर्गणी काढायची. अहवाल वाचताना शिवलेल्या रुमालांची आणि पिशव्यांची लांबलचक यादी लागते. आपण कंटाळतो, आणि मग तळाशी एका ओळीत शाळेच्या नव्या छपरासाठी जमवलेले डॉलर लिहिलेले असतात. ती ओळ वाचायला शिका.

वर्गणीचा आवडता प्रकार बॉक्स सपर. मुली आणि बाया रंगीत कागदात गुंडाळलेल्या खोक्यात जेवण भरून आणायच्या, खोक्यांचा लिलाव व्हायचा, आणि जो बोली जिंकेल त्याने ते जेवण करणारीसोबत बसून खायचं. कुणाचं खोकं कुठलं हे नावाला गुपित. शाळेच्या बाईंच्या खोक्यावर बोली सगळ्यात चढायची. गावातले अविवाहित एकमेकांवर कुरघोडी करायचे आणि खिडकीला काच बसायची. प्रसंग म्हणून कादंबरीला यासारखा दुसरा मिळणार नाही.

मोठ्या इमारतींची गोष्ट रोझेनवाल्ड शाळांची. सीअर्स-रोबक या पोस्टाने माल विकणाऱ्या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून 1912 ला अलाबामात सहा शाळांना पैसे दिले. 1932 पर्यंत पंधरा राज्यांत 4,977 शाळा, शिवाय शिक्षकांसाठी 217 घरं. अट अशी की गावाने आपला वाटा आधी उभा करायचा, रोख, जमीन, लाकूड किंवा अंगमेहनत. लोक शाळेच्या नावाने कापसाचा एखादा तुकडा वेगळा राखायचे आणि त्याचं पीक विकून पैसे भरायचे. सगळा हिशेब मांडला तर कृष्णवर्णीय समाजाने खिशातून घातलेले पैसे 47 लाख डॉलरच्या आसपास, रोझेनवाल्डच्या फंडाचे त्याहून थोडे कमीच, आणि बाकीचे बहुतेक करातून. कर ते आधीच भरत होते, म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा पैसे. श्रेय मात्र पाटीवर एकाच नावाला. या शाळा ओळखायच्या खिडक्यांवरून: वीज नसायची, म्हणून उंच खिडक्यांची सलग रांग वर्गाच्या एकाच बाजूला, आणि बाकं अशी की उजेड डावीकडून यावा, लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये. दोन वर्गांमधली भिंत सरकवली की गावाच्या सभेला मोठी खोली तयार.

गोऱ्या शाळांतही बाईंच्या कल्पनेने बरंच काही उभं राहिलं. साउथ कॅरोलायनात एकन काउंटीत मारी क्रोमर या शिक्षिकेने 1910 ला मुलींचा टोमॅटो क्लब काढला: प्रत्येकीने एकराच्या दहाव्या हिश्शात टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे, पैसे स्वतःचे. केंटकीत रोवन काउंटीच्या सुपरिंटेंडेंट कोरा विल्सन स्टुअर्ट यांनी 5 सप्टेंबर 1911 ला प्रौढांसाठी रात्रशाळा सुरू केल्या, चांदण्या रात्रीच, कारण डोंगरातल्या वाटा अंधारात धोक्याच्या. दीडशे लोक येतील असा अंदाज होता, बाराशे आले. दिवसभर पोरांना शिकवून रात्री त्यांच्या आजोबांना शिकवणाऱ्या शिक्षकांना यासाठी छदामही मिळाला नाही.

लग्नाचं उत्तर पुन्हा रंगावर अवलंबून. गोरी शिक्षिका लग्न झालं की बहुधा सोडायची किंवा तिला सोडावं लागायचं. कृष्णवर्णीय शिक्षिका लग्नानंतरही शिकवत राहिलेल्या पुष्कळ दिसतात, कारण घर तिच्या पगारावर चालायचं आणि तिच्या जागी दुसरी मिळणंही अवघड. म्हणूनच गोऱ्या शाळेतली बाई दर दोन वर्षांनी बदललेली दिसते, आणि कृष्णवर्णीय शाळेत एकच नाव तीस-तीस वर्षं. त्या तीस वर्षांचा शेवट सन्मानाने व्हायचाच असं नाही. सेप्टिमा क्लार्क यांना 1956 साली, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून, काढून टाकलं. पेन्शनही गेली, ती परत मिळाली 1976 ला.

लिहिताना आणखी एक जपा. गाव कृष्णवर्णीय बाईंना आदराने वागवायचं, पण त्याच बाईंना काउंटीच्या कचेरीत गोरा कारकून नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायचा, ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ लावायचा नाही. पत्रव्यवहारातही तेच. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी जागा सोडणारे लोक आणि सोमवारी तिला मागच्या दाराने आत घेणारा कारकून, दोन्ही प्रसंग एकाच प्रकरणात आले तर त्यावर वेगळं भाष्य करायची गरज पडणार नाही. राज्य आणि साल मात्र लिहायला बसण्याआधी ठरवा. 1911 ची केंटकी आणि 1925 ची मिसिसिपी यांत वर सांगितलेल्यातलं निम्मं बदलतं.